अर्ध्या हळकुंडाने पिवळा

स्टेटस पाहिलं तुझं. ‘आमच्या सांगलीच्या हळदीला जीआय!’ अरे, ते भौगोलिक मानांकन 2018 सालचं. अधिकृत वापरकर्त्यांच्या यादीत तुझं नाव आहे का, तेवढं सांग.

नाही ना? मग पिशवीवर ‘अस्सल सांगली हळद’ कोणत्या हक्काने छापतोस?

कायद्याची पदवी घेतलीस. 1999 चा भौगोलिक मानांकनाचा कायदा माझ्यासमोर बसून शिकलास. नाव जिल्ह्याचं नोंदलं म्हणजे प्रत्येक पिकवणाऱ्याची नोंद आपोआप होते, हे कोणत्या कलमात वाचलंस? परराज्यातला माल सांगलीच्या नावाने खपतो म्हणून मार्केट यार्डात तणतणतोस. दाव्याचा हक्क कायद्याने नोंदणीकृत मालकाला आणि अधिकृत वापरकर्त्याला दिलाय. तू दोघांपैकी कोण?

‘रजिस्ट्री चेन्नईला, कोण जाणार?’ अर्ज पाठवायला चेन्नई गाठावी लागत नाही, हे तुला ठाऊक आहे. ‘हंगाम आहे सर.’ हंगाम सरला की लग्नसराई, मग ऊस. ‘वडील बघतात ते.’ त्यांनी हळद शिजवायची, वाळवायची, सौद्याला घालायची आणि कायदाही त्यांनीच वाचायचा?

कागदावरच्या नोंदीचं मोल विसरलास? 1995 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने जखमेवर हळद लावण्याचं पेटंट घेतलं. 1997 ला ते रद्द झालं. कशामुळे? आपल्या आज्यांनी शपथा घेतल्या म्हणून? शास्त्रज्ञ माशेलकरांच्या सीएसआयआर या संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवले. कुणीतरी लिहून ठेवलं होतं, म्हणून निभावलं.

आणि तू? हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या त्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. 2005 च्या पुरात कितीतरी पेवं गेली. पेव कसं खणायचं, आत काय अंथरायचं, तोंड कसं बंद करायचं, सगळं तुझ्या आजोबांना तोंडपाठ. एक ओळ तरी टिपलीस? हातातल्या फोनवर रील निघतात, आजोबांचा आवाज तेवढा उतरवता येत नाही!

मानांकन मिळालेल्या कोरेगावच्या घेवडेवाल्यांना, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनाही हेच विचारलं असतं. पण ते माझ्या वर्गात बसले नव्हते. तू पहिल्या बाकावर होतास.

सोमवारी सातबारा घेऊन ये. अर्ज माझ्यासमोर भरायचा. आणि तोवर ते स्टेटस काढ.