शहराला सल्ला देणारे

सल्लागाराला दोन कामे करता येतात. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हे एक; प्रश्न मुळात बरोबर विचारला आहे का, हे तपासणे हे दुसरे. मोबदला बहुधा पहिल्या कामाचा मिळतो. मुंबईच्या नगररचनेचा सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला, तर लक्षात राहण्याजोगे सल्ले मात्र दुसऱ्या प्रकारात सापडतात.

१८९६ साली शहरात प्लेग शिरला आणि दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीत हवा कशी खेळवायची, हा ट्रस्टपुढचा प्रश्न. वस्ती कापून रुंद रस्ते काढायचे, हे त्याचे उत्तर. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट त्यातून आले. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहती उभ्या राहिल्या. झाडे, फुटपाथ आणि मर्यादित उंची यांमुळे त्या आजही राहण्याजोग्या वाटतात. पण ज्यांची घरे पाडली गेली ती माणसे वेगळी आणि या वसाहतींत राहायला गेली ती वेगळी. पाडलेल्या घरांतली गरीब कुटुंबे बहुतांशी आसपासच्याच गल्ल्यांत आणखी दाटीने राहू लागली.

या पद्धतीला तात्त्विक विरोध केला तो पॅट्रिक गेडीस यांनी. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले हे स्कॉटिश गृहस्थ १९१४ साली भारतात आले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले. आधी पायी फिरून पाहणी, मग निदान आणि मग जमेल तितकी लहान शस्त्रक्रिया, असा त्यांचा आग्रह होता. होळकरांच्या इंदुरात त्यांनी केलेला प्रयोग सांगण्याजोगा आहे. दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ रस्त्यांवरून जाईल, असे त्यांनी जाहीर करवले. लोकांनी आपापल्या गल्ल्या स्वतःच झाडून काढल्या.

स्वतंत्र भारतातला सर्वांत धाडसी सल्ला कोणी मागितलेलाच नव्हता. १९६४ साली महापालिकेने विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. वाढती वस्ती या बेटावर आणि उत्तरेकडच्या उपनगरांत कशी सामावायची, यावर त्याचा भर होता. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी उलटा सवाल केला : सगळे इथेच का सामावायचे? कामधंदाच खाडीपलीकडे नेला तर लोक त्याच्यामागे जातील. १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात ही मांडणी छापून आली. पटेल यांचा सल्ला-व्यवसाय तेव्हा नवा होता; केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल ही त्यांची त्याच सुमाराची रचना. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई आकाराला आली. सरकारने सल्ला घेतला, पण अर्धाच. मंत्रालय जागचे हलले नाही आणि नरिमन पॉइंटला समुद्र हटवून नव्या कचेऱ्या उभ्या राहत गेल्या.

याच कोरियांचा पुढचा मोठा सल्ला लालबाग-परळसाठी होता, आणि त्याची गत अधिक वाईट झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर तिथल्या कापड गिरण्या एकेक करून थंडावल्या. शहरात एकूण ५८ गिरण्या, त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने पुनर्विकासाची वाटणी ठरवली : ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. १९९६ मध्ये राज्य सरकारने कोरियांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांपुरताच त्याचा अभ्यास राहिला. खासगी गिरण्यांच्या फाटकाआत त्याला जाता आले नाही.

तरीही गटाने केलेली गोष्ट साधी आणि मोलाची होती. सगळे भूखंड त्याने एकाच नकाशावर मांडले. प्रत्येक गिरणीचा हिस्सा वेगळा काढला तर शहराच्या वाट्याला इकडे एक तुकडा, तिकडे एक कोपरा येतो. शेजारच्या गिरण्यांचे हिस्से जोडून घेतले तर बाग होते, घरांचा सलग पट्टा होतो, स्थानकाकडे जाणारा रुंद रस्ता होतो. कायद्यातले प्रमाण तेच ठेवून केवळ मांडणीने एवढा फरक पडत होता. रचनाकाराची नजर म्हणतात ती हीच.

२००१ साली नियमच बदलला. वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीची न राहता केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची झाली. गिरणीच्या आवारात शेड आणि गोदामेच अधिक. रिकामे ते कितीसे असणार? बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २००५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवा नियम कायम ठेवला.

या फेरबदलात पाळ्यांचा हिशेब राहून गेला. गिरणीत माणसे तीन पाळ्यांत येत आणि त्यांतली बरीचशी आसपासच्या चाळींतून चालत येत. त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांतली माणसे लांबून, लोकलने आणि जवळजवळ एकाच वेळी येतात. पूल मात्र जुन्याच मापाचे राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ माणसे दगावली. लष्कराने उभारलेला नवा पूल २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला.

दरम्यान २००३ साली ‘बॉम्बे फर्स्ट’ ही संस्था आणि मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी यांचा ‘व्हिजन मुंबई’ अहवाल आला. दहा वर्षांत मुंबईला जागतिक दर्जाचे शहर करण्याचा हा आराखडा परदेशी शहरांशी केलेल्या तुलनेवर उभा होता. अशी तुलना मंत्र्यांना पटकन समजते, हा तिचा गुण. गिरणगावातल्या करी रोड स्थानकाच्या पुलाबद्दल ती काहीच सांगत नाही.

तंत्रज्ञानावर विसंबण्याची मर्यादा २०१४-३४ च्या विकास आराखड्यात दिसली. काम बाहेरच्या सल्लागार कंपनीकडे होते. वरून घेतलेल्या चित्रांवर बेतलेल्या जमीनवापराच्या नकाशांपासूनच चुका निघू लागल्या. कित्येक वारसा वास्तू नोंदीतून सुटल्या होत्या. नागरिकांनी आपापल्या वॉर्डातल्या चुका शोधून दिल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने करण्याचा आदेश दिला. वरून घेतलेल्या चित्रात छप्पर दिसते. गिरगावातल्या एखाद्या वाडीत त्या छपराखाली खानावळ, शिकवणी, देऊळ आणि बिऱ्हाडे एकत्र नांदतात. ते कळायला जिना चढावा लागतो.

शिरीष पटेल यांनी उत्तरायुष्यात एफएसआयच्या, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांकाच्या, चर्चेलाच वेगळे वळण दिले. भूखंडावर किती बांधकाम, एवढे पाहून भागत नाही. रस्त्याच्या आणि मैदानाच्या दर हेक्टरमागे किती माणसे येतात ते मोजा, असे त्यांचे म्हणणे होते. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातील घनतेवर त्यांनी याच मापाने आक्षेप घेतला. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे हा रहिवाशांचा हक्कच आहे. मात्र घर वाढले म्हणून खालचा रस्ता वाढत नाही.

आता हा प्रश्न दादर-लालबागच्या सोसायट्यांपर्यंत आला आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालील मार्गदर्शक सूचनांनुसार पुनर्विकासाआधी संस्थेने प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणजे सगळे म्हणतात तो पीएमसी, नेमायचा असतो आणि त्याचा व्यवहार्यता अहवाल सर्वसाधारण सभेपुढे यायचा असतो. सभेतली चर्चा बहुधा कार्पेट क्षेत्रफळ, कॉर्पस निधी आणि भाडे यांवरच संपते. जिन्यात उजेड किती, दोन इमारतींत अंतर किती, गल्लीत माणसे आणि गाड्या किती वाढणार, हे आकडेही पीएमसीकडून लेखी मागता येतात. सभासदांनी ते पहिल्याच सभेत मागावेत. विकासकाशी करार झाल्यावर फार उशीर झालेला असतो.