कृपा पाहणारे डोळे

अंत्युखियात हेल्लेणी लोक प्रभूकडे वळत आहेत, ही वार्ता ऐकून यरुशलेमातील मंडळीने बर्णबास तिकडे पाठविले (प्रेषितांची कृत्ये ११:२२-२६). मंडळी नवी होती. उणे शोधू जाता पुष्कळ सापडले असते. परंतु त्याच्या दृष्टीस देवाची कृपा पडली व त्यास आनंद झाला. मग तार्सास जाऊन त्याने शौलास सोबतीस आणिले.

आम्ही मात्र रविवारची हजेरी व वर्गणी मोजतो, आणि ती घटली म्हणजे देव थांबला असे समजतो. दोन भावांनी बांधाचा तंटा मिटविला, विधवेने मूठभर धान्य प्रभूसाठी बाजूस ठेविले, तेथे कोण कार्य करीत असतो? उपासनेस जमल्यावर हे आपण एकमेकांस सांगू या. देवाचे काम जो पाहत नाही, तो त्यास हात कसा लावील?