गोड नकार

माझा एक जुना विद्यार्थी ओसाकाला नोकरीस आहे. तिथल्या साहेबांपुढे त्याने आपली एक योजना मांडली. हा बोलत असता ते "हाय, हाय" म्हणत मान डोलावीत होते. शेवटी म्हणाले, "कांगाएते ओकिमास", म्हणजे विचार करून ठेवतो. स्वारी खूष! दोन महिने वाट पाहून त्याने मला लिहिले, "गुरुजी, ही माणसे खोटे बोलतात."

खरेच का? 'हाय' म्हणजे होय. पण दुसरा बोलत असता मध्येच उच्चारले, तर 'ऐकतो आहे' एवढाच त्याचा अर्थ. 'विचार करून ठेवतो' हा तर बहुधा नकारच. नुसते 'चोत्तो...', म्हणजे 'जरा...', म्हणून वाक्य सोडून दिले तरी जपानी माणूस उरलेले समजून घेतो. मनातल्या गोष्टीला ते 'होन्ने' म्हणतात, चारचौघांत दाखवायच्या गोष्टीला 'तातेमाए'. पडद्यामागे काय आहे हे दोघांनाही ठाऊक असेल, तर फसले कोण?

असे उत्तर लिहायला बसलो आणि थबकलो. मुलाच्या फीसाठी उसने मागायला आलेल्या एका गृहस्थांना मी एकदा 'बघू' म्हणालो होतो. ते समजले, पुन्हा आले नाहीत. आजवर त्याला मी माझे सौजन्य समजत आलो. पण त्या 'बघू'ने लाज राखली ती त्यांची, की माझी?

नकार कोणाची लाज राखतो, हे पाहिले की त्याचा खरेखोटेपणा कळतो. विद्यार्थ्याला एवढेच लिहिले, "तू साहेबांचा नकार ओळखायला शीक. मी माझा ओळखायला शिकतो आहे."