संहिता वाचणारा

डिस्टोपियन कादंबरीचे आपल्याकडील वाचन बहुधा सर्वंकष राज्यसत्तेच्या चर्चेपाशी थांबते. ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये (१९४९) सत्तेला केंद्र आहे, मंत्रालये आहेत, पाळत ठेवणारा पडदा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी घातलेले छापे या वाचनाला अडचणीत आणतात. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तेथील तरुण अमेरिकी नावे धारण करून, लिखित संहितेबरहुकूम, आपण अमेरिकेच्या करखात्यातून बोलत असल्याचे तेथील नागरिकांना सांगत आणि अटकेची धमकी देऊन पैसे उकळीत. ७०० हून अधिक जण ताब्यात घेतले गेले. अटक झाली ती सुमारे ७० जणांना.

येथे सत्ता अनुपस्थित होती. तिचा नुसता उच्चार पुरला. राज्यसंस्थेचे भय ऐकणाऱ्याच्या मनात आधीच वसलेले होते, आणि तेही लोकशाही देशात.

अधिक अवघड प्रश्न संहिता वाचणाऱ्याचा आहे. विन्स्टन स्मिथ जुनी वर्तमानपत्रे खोटी करतो आणि, आपली समीक्षा हे सहसा विसरते, त्या कामात त्याला आनंद वाटतो. तो व्यवस्थेचा बळी आहे, एवढ्याने निर्दोष ठरत नाही. मीरा रोडच्या तरुणालाही बेकारीचा बळी म्हणून मोकळे होता येईल. परंतु विन्स्टनपुढे केवळ कागद होते. या तरुणाच्या कानात पलीकडचा घाबरलेला आवाज होता, आणि त्यानंतर वाचायची ओळ समोर लिहिलेली होती.