उपाधी आणि दाखला

ग्रेट ब्रिटनमध्ये तीन वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक मोटारसायकलीला दरसाल एका तपासणीस रुजू व्हावे लागते, आणि ज्या वाहतूक मंत्रालयाने 1960 साली ही पद्धत सुरू केली त्याच्या आद्याक्षरांवरून लोक तिला आजही 'एम.ओ.टी.' म्हणूनच ओळखतात. आरंभी दहा वर्षांची जुनी वाहनेच तिच्या कक्षेत येत; पुढे ती मर्यादा सातावर आणि 1967 साली तिनावर आणली गेली. आपल्याकडे खासगी दुचाकीचा असा मुलाहिजा पंधरा वर्षांनंतर, नोंदणीच्या नूतनीकरणाच्या निमित्ताने होत असल्यामुळे हा वार्षिक शिरस्ता मराठी वाचकास काहीसा जाचक वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रमाणशास्त्राची ज्याला थोडीबहुत गोडी आहे, त्याला या दाखल्यांच्या दप्तरात एक जुना वाद नव्या वेषात भेटतो. जी मोटारसायकल गेली कित्येक वर्षे ओळीने उत्तीर्ण होत आली, ती यंदाही होईल असे तिचा मालक जेव्हा निःशंकपणे सांगतो, तेव्हा त्याच्याजवळ असते ते ज्ञान की श्रद्धा?

उदाहरणादाखल होंडाची 'पॅन युरोपियन' घेऊ. 1990 साली बाजारात आलेली, 1084 घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरांची, साखळीऐवजी शाफ्टने मागचे चाक फिरवणारी आणि 28 लिटर पेट्रोल पोटात घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात जाण्यासाठीच घडवलेली ही गाडी तिच्या इंजिनाच्या दीर्घायुष्याबद्दल ख्यातनाम आहे. गंमत अशी की, तपासनीस इंजिनाच्या प्रकृतीची चौकशीच करत नाही. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था या परीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. तो ब्रेक, दिवे, टायर आणि सुकाणू पाहतो. टायरवरच्या खाचा रुंदीच्या तीनचतुर्थांश भागात किमान 1 मिलिमीटर खोल आहेत ना, याची तो खातरजमा करतो. पुढच्या फोर्कच्या नळीवरून बोट फिरवून ऑइल सीलमधून तेल पाझरते आहे काय हे पाहतो. मग पुढचे चाक जमिनीपासून उचलून धरून फोर्कची खालची टोके पुढे-मागे ओढतो आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतो. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला कोनसेट म्हणतात तो झिजलेला असेल, तर हँडल नेमके मध्यावर, म्हणजे गाडी सरळ चालताना ज्या जागी असते त्या जागी, किंचित अडखळते; कारण लांब पल्ल्याच्या गाडीचे बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावर जाते, आणि जी दिशा तिने सर्वाधिक काळ धरली, तिथेच तिच्या बेअरिंगला खळगे पडतात.

इथवर सारे प्रत्यक्ष प्रमाण झाले. दाखला केवळ तपासणीच्या क्षणापुरता बोलतो, आणि उद्याच्या सकाळची हमी तो देत नाही. चार्वाकाला एवढे पुरेसे आहे. ज्या व्याप्तीच्या आधारावर तुम्ही कालवरून उद्याचे अनुमान करता ती व्याप्ती तुम्ही पाहिली कुठे, हा त्याचा प्रश्न माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'च्या आरंभीच मोठ्या निष्पक्षपणे मांडून ठेवला आहे. नैयायिकांनी मात्र अनुमान टाकून न देता त्यातील छिद्र शोधण्याचे शास्त्र रचले, आणि त्या शास्त्रातील 'उपाधी'ची कल्पना मला या प्रकरणी विशेष उपयोगी वाटते. जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धुराला ओले इंधन लागते, आणि हे ओले इंधनच त्या अनुमानातील छुपी उपाधी होय. त्याच न्यायाने, गाडी आजवर उत्तीर्ण झाली म्हणून पुढेही होईल, या विधानातही एक ओले इंधन दडलेले आहे, ते म्हणजे तिच्यासाठी दर हिवाळ्यात कुणीतरी थंडगार गॅरेजमध्ये गुडघ्यांवर बसून केलेले काम. गाडी विकली गेली, मालक आजारी पडला किंवा त्याचा उत्साह ओसरला की जुन्या दाखल्यांची सारी चळत तीच राहते, आणि निष्कर्ष मात्र ढासळतो.

दुसरे छिद्र याहून मोठे आहे. जिची दुरुस्ती परवडत नाही अशी गाडी नापास होण्यासाठी केंद्रावर येतच नाही. तिचा मालक ती रस्त्यावर काढणार नसल्याची वर्दी सरकारात देतो आणि ती ताडपत्रीखाली जाते. तेव्हा जुन्या टूरिंग गाड्या बहुधा उत्तीर्ण होतात, हे खरे मानले तरी ते फार तर हजर राहिलेल्या परीक्षार्थींविषयीचे सत्य होय. सुटे भाग बदलत गेलेली गाडी तीच की दुसरी, हा नागसेनाने मिलिंद राजाला घातलेल्या रथाच्या कोड्याचा प्रश्न येथे कुणालाही सुचेल, पण त्या वाटेने मी जात नाही. सरकारी दप्तराने चासीच्या क्रमांकावर बोट ठेवून आपल्यापुरता तो निकालात काढला आहे, आणि तत्त्वज्ञांनी अशा कारकुनी धिटाईचा थोडा हेवा करायला हरकत नाही.

या साऱ्या व्यवस्थेत मला सर्वांत प्रामाणिक वाटतो तो उत्तीर्णाच्या दाखल्यावरच नोंदवलेला सूचनावजा शेरा: सील किंचित ओलसर, टायर मर्यादेजवळ. दाखला वर्तमानाविषयी निकाल देतो. भविष्याविषयी तपासनिसाला जे वाटते ते तो या शेऱ्यात, निकालाचा अधिकार न गाजवता, सांगून ठेवतो. नोंदी संगणकावर गेल्यापासून, म्हणजे 2005 पासूनचे असे शेरे गाडीचा क्रमांक टाकून कुणालाही पाहता येतात, आणि जाणता ग्राहक उत्तीर्ण-अनुत्तीर्णाच्या रकान्यापेक्षा तेच आधी वाचतो. एखादा शेरा ओळीने तीन वर्षे शब्दशः तोच आढळला, तर मालकाचा स्वभाव कळतो; पुढच्या साली तो नाहीसा झाला असेल, तरीही कळतो. उपाधी अशी कागदावर उमटलेली सापडणे हे नैयायिकांच्याही नशिबी क्वचितच आले असेल.

चार्वाकाच्या शंकेला उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त मर्यादा घातली ती अशी की, शंका घेणाऱ्याचे स्वतःचे वर्तनच जेथे तिला खोटे पाडते, तेथे ती थांबते. बेअरिंगवर आणि ब्रेकवर अविश्वास ठेवून कोणी ताशी सत्तर मैलांनी वळण घेत नाही. घेतले, म्हणजे विश्वास ठेवलाच. ब्रिटिश सरकारनेही मे 2018 पासून आपल्या शंकेला अशीच एक सीमा आखली आहे: प्रथम नोंदणीला चाळीस वर्षे झालेल्या आणि मोठे फेरफार न केलेल्या वाहनाला ही वार्षिक तपासणी माफ आहे, आणि अशी वाहने बहुधा निगुतीने सांभाळलेली व क्वचितच बाहेर काढलेली असतात, हे त्यामागील कारण सांगितले जाते. म्हणजे इतकी वर्षे जी उपाधी दरसाल सिद्ध करून दाखवावी लागे, ती आता कायद्याने गृहीत धरली. गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य ठेवण्याचे दायित्व तेवढे मालकावर कायम आहे, आणि हवी असल्यास तपासणी स्वेच्छेने करून घेण्याची मुभाही आहे.

अगदी पहिल्या पॅन युरोपियन गाड्या 2030 साली या माफीच्या कक्षेत येतील. सक्ती उठल्यावर त्यांच्यापैकी किती गाड्या आपण होऊन तपासणी केंद्राच्या दारात उभ्या राहतात, हे त्याच सार्वजनिक दप्तरात ज्याला पाहायचे त्याला पाहता येईल.