तारणाचे व्याकरण

१

ख्रिस्ती तारण सर्वांसाठी आहे की केवळ पश्चात्ताप करून श्रद्धा ठेवणाऱ्यांसाठी, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या प्रांतातला मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडू नये असा एक अलिखित संकेतही आहे. परंतु हा वाद ज्या संहितांच्या आधारे शतकानुशतके चालत आला, त्या संहिता मुख्यतः दृष्टांत, पत्रे, संवाद आणि काव्य ह्या रूपांतल्या आहेत. एखादे विधान कोण करतो, कोणाला उद्देशून करतो, कोणत्या क्षणी करतो आणि कथा नेमकी कोठे थांबते, ह्या बाबी बाजूला सारून त्यांतून केवळ सिद्धान्त वेचून घेतला, की मूळ संहितेतील ताण नाहीसा होतो आणि हाती दोन परस्परविरोधी वाक्ये तेवढी उरतात. ह्या वादातील बरीचशी कोंडी अशा वेचण्यातून निर्माण झालेली आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

ही दोन वाक्ये परिचित आहेत. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा असल्याचे म्हटले आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या अखेरीस, विश्वास धरून बाप्तिस्मा घेणारा तरेल आणि विश्वास न धरणारा दोषी ठरेल, असे सांगितले आहे. (शुभवर्तमानाचा हा अखेरचा भाग सर्वांत प्राचीन समजल्या जाणाऱ्या दोन प्रमुख हस्तलिखितांत नाही, ही गोष्ट संहिताचिकित्सकांना ठाऊक आहे, परंपरेने मात्र तो प्रमाण मानला.) तिसऱ्या शतकातील ओरिगेन आणि चौथ्या शतकातील निस्साचा ग्रेगरी ह्यांनी पहिल्या वाक्याच्या दिशेने विचार केला: अखेरीस सारी सृष्टी देवाकडे परतेल. ओरिगेनच्या नावाशी जोडल्या गेलेल्या मतांचा सहाव्या शतकात निषेध झाला. दुसऱ्या बाजूला कार्थेजच्या सिप्रियनने ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही असे सूत्र मांडले, ऑगस्टीनने निवडलेल्यांची संख्या देवाच्या अगम्य इच्छेवर सोडली, आणि १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने हे सूत्र अत्यंत कठोर शब्दांत उच्चारले. विसाव्या शतकात पारडे पुन्हा हलले. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान ठाऊक झाले नाही आणि जे आपल्या सदसद्विवेकानुसार जगतात, त्यांनाही तारण अशक्य नाही असे मान्य केले. १९८६ साली हान्स उर्स फॉन बाल्थाझार ह्या धर्मशास्त्रज्ञाने प्रश्नाचा मोहराच बदलला: सर्व तरतील असे आपण जाणू शकत नाही, तशी आशा मात्र आपण बाळगू शकतो काय?

बाल्थाझारच्या प्रश्नातील बदल वरवर पाहता नेमस्त वाटतो. वस्तुतः तो व्याकरणाचा बदल आहे, आणि मराठी व्याकरणाची परिभाषा तो समजून घेण्यास विशेष उपयोगी पडते. क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ आपण शाळेत शिकतो. 'पश्चात्ताप करा' हा आज्ञार्थ. 'पश्चात्ताप केलास तर तरशील' हा संकेत. 'सर्व तरावेत' हा विध्यर्थ. आणि 'सर्व तरतील' किंवा 'हे तरणार नाहीत' हा स्वार्थ. सार्वत्रिक तारणाचे पुरस्कर्ते विध्यर्थाचे स्वार्थात रूपांतर करतात, तर मर्यादित तारणाचे पुरस्कर्ते आज्ञार्थाचे. दोघांचाही भर शेवटी एकाच गोष्टीवर येतो: इतरांविषयीचे एक ठाम भविष्यकालीन विधान.

२

मराठी बायबलने रूढ केलेले दोन शब्द ह्या संदर्भात पाहण्याजोगे आहेत. 'तारण' हा शब्द तरून जाण्याशी निगडित आहे. नदी, नाव आणि पैलतीर ही सारी प्रतिमासृष्टी त्यात आहे. परंतु व्यवहारात कर्जापोटी ठेवलेल्या वस्तूलाही आपण 'तारण'च म्हणतो. पहिल्या अर्थी ते घडते, दुसऱ्या अर्थी ते कोणाच्या तरी ताब्यात असते. धर्मेतिहासात पहिल्या अर्थाचे तारण वारंवार दुसऱ्या अर्थाचे होत गेले आहे. 'पश्चात्ताप' ह्या शब्दाचीही अशीच गंमत आहे. मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइआ' मन पालटण्याचा आहे; मराठी शब्दात नंतर होणारी होरपळ आहे. मन पालटणे ही पुढे पाहणारी क्रिया, होरपळ ही मागे पाहणारी. पालट आतला असतो, होरपळ दिसते, आणि जी दिसते ती मोजताही येते. 'पश्चात्ताप केलेल्यांनाच तारण' ह्या विधानात पश्चात्ताप एक पात्रता होऊन बसतो आणि पात्रता तपासणारा कोणीतरी आपोआप उभा राहतो.

लूकच्या पंधराव्या अध्यायातील दोन मुलांच्या दृष्टांतात नेमकी हीच प्रक्रिया उलटविलेली दिसते. हा दृष्टांत पश्चात्तापाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. पण त्याची रचना बारकाईने पाहावी. दूर देशी सर्वस्व उधळलेला धाकटा मुलगा परतण्यापूर्वी एक भाषण मनात तयार करतो. त्याचे तीन भाग आहेत: मी पाप केले, मी मुलगा म्हणवून घेण्यास योग्य नाही, मला मजुरांपैकी एक करून ठेवा. प्रत्यक्षात बाप त्याला दुरूनच पाहतो, धावत जातो, मिठी मारतो. मुलगा त्यानंतर बोलू लागतो आणि भाषणाचे पहिले दोनच भाग पुरे होतात. तिसरा, म्हणजे सौद्याचा भाग उच्चारला जाण्याआधीच बाप चाकरांना झगा आणि अंगठी आणावयास सांगतो. काही प्राचीन हस्तलिखितांत हे तिसरे वाक्य पुन्हा भरलेले आढळते. ही तूट नकलाकारांना सहन झाली नसावी. कथनक्रमाच्या दृष्टीने मिठी आधी आणि कबुली नंतर आहे. तरीही मुलगा परत निघाला होता, हे विसरता येत नाही. पालट आवश्यक आहे. मात्र त्याची किंमत म्हणून मिठी मिळालेली नाही.

दृष्टांत येथे संपत नाही. शेतातून परतलेला थोरला भाऊ घरातील गाणेबजावणे ऐकून रागावतो आणि बाहेरच उभा राहतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. थोरला आपल्या भावाचा उल्लेख 'हा तुमचा मुलगा' असा करतो. बाप उत्तरात 'हा तुझा भाऊ' असे म्हणतो. संपूर्ण वाद ह्या एका शब्दबदलात सामावला आहे. थोरल्याची तक्रार अन्याय्य नाही. त्याने खरोखरच कष्ट केले आहेत. तो आत जातो की नाही, हे लूक सांगत नाही. पापी लोकांबरोबर जेवण्याबद्दल कुरकुर करणाऱ्या धर्मनिष्ठांना उद्देशून हा दृष्टांत सांगितला गेला आहे, हे अध्यायाच्या आरंभीच नोंदविलेले आहे. म्हणजे कथेचा शेवट श्रोत्यांवर सोपविला आहे. कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवू पाहणारा वाचकच उंबरठ्यावर उभा आहे, अशी ही योजना आहे.

३

ह्या विवेचनावर एक रास्त आक्षेप संभवतो. दृष्टांताचा शेवट मोकळा ठेवणे कथाकाराला परवडते. समोर बसलेल्या शोकाकुल माणसाला धर्मोपदेशकाने काय सांगावे? हा प्रश्न काल्पनिक नाही. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानमध्ये उतरला आणि १५५१ साली तेथून निघाला. जानेवारी १५५२ मध्ये कोचीहून युरोपातील सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्याने जपानी ख्रिस्ती मंडळींच्या एका दुःखाची नोंद केली आहे. आपले मृत आईबाप, बायका, मुले आणि पूर्वज ह्यांना नरकातून सोडविण्याचा काही उपाय आहे काय, प्रार्थनेने वा दानधर्माने त्यांना साहाय्य होईल काय, असे ते विचारीत. त्यांना काहीच उपाय नाही, असे झेवियरने उत्तर दिले. ते ऐकून ही माणसे रडत, आणि इतक्या प्रिय मित्रांना असे रडताना पाहून आपल्यालाही क्लेश होतात, हे त्याने लपविलेले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर तो मरण पावला. त्याचे शरीर आज जुन्या गोव्यात आहे.

ह्या पत्रातील दोन आवाज वेगळे करून ऐकावयास हवेत. एक आवाज सिद्धान्ताचा. तो स्वार्थात बोलतो. दुसरा क्लेश पावणाऱ्या मित्राचा. त्याला सिद्धान्तात जागा नाही, म्हणून तो पत्रात उतरतो. जपानी श्रोत्यांचा प्रश्न स्वतःच्या तारणाचा नव्हता, ते तर त्यांना मिळाले होते. ज्यांनी आपल्याला जन्म दिला त्यांच्यावाचून हे तारण आपण कसे उपभोगावे, हा त्यांचा प्रश्न होता. मराठी वाचकाला येथे महाभारताचे स्वर्गारोहणपर्व आठवल्यावाचून राहणार नाही: आपले भाऊ आणि द्रौपदी नरकात आहेत हे कळताच युधिष्ठिर तेथेच राहण्याचे ठरवितो. परंतु युधिष्ठिराला दिसलेला नरक ही माया होती असे व्यासांना पुढे सांगता आले. झेवियरच्या श्रोत्यांना तसा उलगडा कोणी देऊ केला नाही. एकोणिसाव्या शतकात श्लायरमाखरने हाच मुद्दा धर्मशास्त्राच्या भाषेत मांडला: इतर माणसे अनंत यातनांत आहेत ही जाणीव असताना तरलेल्यांचे सुख निर्भेळ राहू शकत नाही.

४

हा पेच एखाद्या महान कवीने रूपाच्या पातळीवर कसा पेलला आहे, ते पाहावयाचे तर दान्तेकडे वळावे लागते. 'दिव्य कॉमेडी'चा कवी सिद्धान्ताच्या बाबतीत परंपरानिष्ठ आहे. ख्रिस्तपूर्व १९ मध्ये मरण पावलेला व्हर्जिल त्याच्या रचनेत नरकाच्या पहिल्या वर्तुळात, लिंबोत राहतो. तेथे यातना नाहीत. आशेविना असलेली ओढ तेवढी आहे. परंतु हाच व्हर्जिल दान्तेला नरकातून आणि शुद्धिलोकातून वाट दाखवितो. स्टेशिअस हा दुसरा लॅटिन कवी तर आपण ख्रिस्ती झालो ते व्हर्जिलच्या काव्यामुळे, असे सांगतो. रात्री दिवा पाठीमागे धरून चालणारा स्वतः अंधारात राहतो आणि मागून येणाऱ्यांना उजेड देतो, अशी प्रतिमा तो योजतो. बिआत्रिचेच्या आगमनाच्या क्षणी दान्ते मागे वळून पाहतो तो व्हर्जिल नाहीसा झालेला असतो, आणि शुद्धिलोकाच्या माथ्यावर तो रडतो. झेवियरच्या पत्रात जे दुःख समासात आहे, ते येथे महाकाव्याच्या रचनेचा कणा झाले आहे.

स्वर्गखंडाच्या एकोणिसाव्या सर्गात हा प्रश्न उघडपणे येतो. सिंधू नदीच्या तीरी जन्मलेला एक माणूस. ख्रिस्ताविषयी बोलणारे वा लिहिणारे तेथे कोणी नाही. त्याच्या इच्छा आणि कृती मानवी बुद्धीला दिसतात तितक्या निर्दोष आहेत. तो दोषी कसा? भारतीय वाचकाला ह्या उदाहरणात आपला पत्ता लिहिलेला दिसतो. न्यायी आत्म्यांनी बनलेला गरुड उत्तर देतो ते फटकारण्याच्या सुरात: वीतभर दृष्टीने हजार मैलांवरचा निवाडा करणारा तू कोण? विश्वास हवाच, हे गरुड ठामपणे सांगतो. पण लगेच त्याला एक पुरवणी जोडतो: ख्रिस्ताचे नाव घेऊन ओरडणाऱ्यांपैकी अनेकजण न्यायाच्या दिवशी, ज्याला ख्रिस्त ठाऊक नव्हता त्याच्यापेक्षाही दूर असतील. पुढील सर्गात गरुडाच्या भुवईत वाचकाला चकित करणारी दोन नावे आढळतात. एक रोमन सम्राट ट्राजन, दुसरा ट्रॉयचा रिफिअस. हा रिफिअस केवळ व्हर्जिलच्या महाकाव्यातील काही ओळींपुरता अस्तित्वात आहे. म्हणजे ज्या कवीने त्याला निर्माण केले तो लिंबोत आणि त्याचे गौण पात्र स्वर्गात! दान्ते ह्याचे समर्थन करीत नाही. उलट, देवाला प्रत्यक्ष पाहणाऱ्या आम्हांलाही निवडलेले सगळे ठाऊक नाहीत, आणि हे न कळणे आम्हांला गोड आहे, असे तो गरुडाच्या तोंडून वदवितो.

हे उत्तर पुरेसे आहे काय? गरुडाचे फटकारणे तर्काला उत्तर देत नाही, हे मान्य करावे लागेल. पण काव्याने एक गोष्ट साधली आहे. सिद्धान्ताने आखलेली सीमा दान्तेने पुसली नाही. ती ओलांडून जाणारी कृपा त्याने दाखविली आणि सीमेचा नकाशा कोणाच्याही हाती, अगदी स्वर्गस्थांच्याही हाती दिला नाही. कॅथलिक परंपरेतही पुढे अशी हालचाल झाली. बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या अर्भकांसाठी योजलेल्या लिंबोच्या कल्पनेबाबत व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाचा जो दस्तऐवज २००७ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकातला कळीचा शब्द 'आशा' हा आहे. क्रियापद स्वार्थातून विध्यर्थात गेले.

५

विध्यर्थही निर्धोक नसतो. १८७९-८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोस्तोव्हस्कीच्या 'ब्रदर्स करमाझोव्ह' ह्या कादंबरीत इव्हानचे म्हणणे असे, की ज्या जमीनदाराने एका लहान मुलावर शिकारी कुत्रे सोडले त्याला त्या मुलाच्या आईनेही मुलाच्या वतीने क्षमा करू नये; तिला तो अधिकार नाही. सर्व तरावेत ही इच्छा बळीला वगळून केली तर तीही त्रयस्थाने केलेला निवाडाच ठरते. सार्वत्रिक तारणाच्या उदार मांडणीत हा मुद्दा वारंवार निसटतो. अत्याचाऱ्याचा पश्चात्ताप ही अट इथे अनुदारपणाची राहत नाही. बळीच्या प्रतिष्ठेची ती किमान राखण ठरते. थोरल्या भावाची तक्रारही आपण ह्यासाठीच ऐकून घ्यावयास हवी.

परंतु त्याच कादंबरीत ग्रुशेन्का एक लोककथा सांगते. आयुष्यात एकदाच एका भिकारणीला कांदा दिलेली दुष्ट म्हातारी अग्नीच्या सरोवरात पडली आहे. तोच कांदा तिच्यापुढे धरून देवदूत तिला वर ओढू लागतो. इतर पापी तिला लटकतात, तेव्हा ती लाथा झाडते: कांदा माझा आहे. तत्क्षणी कांदा तुटतो. अनेकजण लटकले असतानाही तो तुटला नव्हता, हे ध्यानात घ्यावे. पैलतीरी नेणारे तारण ताब्यात ठेवण्याचे तारण झाले, की ते कोणालाच पेलत नाही.

पश्चात्तापाची अट खरी आहे. ती प्रथमपुरुषी उच्चारली जाते तेव्हा तिला अर्थ असतो. आशा खरी आहे. ती इतरांसाठी विध्यर्थात उच्चारली जाते, आणि बळींच्या उपस्थितीत. 'मी परतलो नाही' आणि 'तो परतावा' ही दोन वाक्ये एकाच माणसाच्या तोंडी विसंगत नाहीत. जपानी श्रोत्यांना झेवियर ह्याहून अधिक काही सांगू शकला नसता. पण इतके सांगता आले असते, आणि मग त्याला आपला क्लेश केवळ पत्रात ठेवावा लागला नसता.