झडती नेहमी कोणाची?

सहीह बुखारीमध्ये हजरत आयशा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस आहे. मदरशात ती स्त्रीने मशिदीत मुक्काम करण्यासंबंधीच्या प्रकरणात शिकवली जाते. त्यामुळे तिच्यात दडलेला न्यायाचा धडा माझ्या ध्यानी फार उशिरा आला.

एका अरब टोळीने आपल्या एका कृष्णवर्णीय दासीला मुक्त केले होते; तरी ती त्यांच्यातच राहत असे. एके दिवशी टोळीतील एका मुलीचा लाल चामड्याचा पट्टा जमिनीवर पडला. मांसाचा तुकडा समजून घारीने तो उचलून नेला. शोधूनही पट्टा सापडेना, तेव्हा सर्वांच्या नजरा त्या स्त्रीकडे वळल्या. तिची झडती घेण्यात आली, तीही इतकी लज्जास्पद की तिच्या गुप्तांगांपर्यंत. ती तशीच उभी असताना घार वरून गेली आणि पट्टा सर्वांसमोर खाली पडला. ती स्त्री पुढे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली, तिने इस्लाम स्वीकारला आणि मशिदीत तिच्यासाठी एक लहानसा तंबू उभारला गेला. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडे बसली की ती दर वेळी त्या पट्ट्याच्या दिवसाची आठवण काढीत असे.

तिच्याविरुद्ध पुरावा कोणता होता? काहीही नाही. तिचा वर्ण आणि तिच्या पाठीशी कोणी नसणे, एवढाच तिचा गुन्हा. ती गुलामीतून मुक्त झाली होती, संशयातून नव्हे.

'मुक्त' हा शब्द लिहिताना आपल्या महाराष्ट्रातील 'विमुक्त' जमाती आठवतात. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. या कायद्याने व्यक्तीला नव्हे, तर संपूर्ण जमातीला गुन्हेगार ठरवले. नावनोंदणी, हजेरी आणि परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी हे त्यांचे जीवन झाले. सोलापुरात तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याची सोय केली. ज्याने अद्याप काहीच केलेले नाही, त्या चार वर्षांच्या बालकालाही जन्माची शिक्षा! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. परंतु १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला आणि जुना संशय नव्या नावाने टिकून राहिला. बी.ए.च्या वर्गात लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचताना मला प्रथम कळले की पोलीस घरात शिरतात तेव्हा घरातील बायका-मुलांवर काय गुदरते. पारधी वस्तीवर पुरुष सापडला नाही, तर कोणाला धरून नेले जाते हे तिथल्या स्त्रियांना विचारावे.

हा रोग एका देशाचा नाही. अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात १९४४ साली जॉर्ज स्टिनी या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला ज्यूरीने सुमारे दहा मिनिटांत दोषी ठरवले आणि विजेच्या खुर्चीवर त्याचा प्राण घेतला. २०१४ मध्ये न्यायालयाने तो निकाल रद्द केला. घार परतली, पण सत्तर वर्षांनी.

आता स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. आमच्या उमेळ्यात एका जुम्याच्या नमाजनंतर कोणाचा तरी मोबाइल हरवला. फाटकाशी एक बाई आपल्या मुलासह फुगे विकत बसली होती. क्षणात लोकांनी त्यांना वेढले. तिची पिशवी रस्त्यावर उपडी केली आणि मुलाचे खिसे उलटे केले. मोबाइल मालकाच्याच स्कूटरच्या डिकीत निघाला. मी पायरीवर उभा होतो. त्याच दिवशी खुतब्यात मी न्यायावर बोललो होतो आणि तरीही मी गप्प राहिलो. पुढच्या जुम्याला मी सर्वांसमोर चूक कबूल केली. परंतु जिची क्षमा मागायची होती ती बाई त्यानंतर फाटकाशी दिसली नाही.

पवित्र कुरआनची शिकवण स्पष्ट आहे. सूरह अनआमच्या १६४ व्या आयतीनुसार कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहत नाही. सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत काही संशयांना पाप म्हटले आहे. अन्सारांपैकी एका घराण्यातील माणसाने चोरीचा आळ एका निरपराध यहुदी माणसावर ढकलला आणि घराणे त्याच्या पाठीशी उभे राहिले, तेव्हा सूरह निसाच्या १०५ व्या आयतीपासूनचा भाग अवतरला, असे अनेक भाष्यकार सांगतात. अल्लाहने आपल्यांची नव्हे, सत्याची बाजू घेतली.

आपल्या नावावरून कोणी संशय घेतला की आपले अंतःकरण दुखावते, आणि ते योग्यच आहे. परंतु तोच संशय आपण आपल्याहून दुर्बळावर घेतो, तेव्हा आपल्या तक्रारीला कोणता नैतिक आधार उरतो? अन्याय न्यायालयात सुरू होत नाही. तो फाटकाशी, पहिल्या नजरेत सुरू होतो. कोठडी हे त्याचे शेवटचे ठिकाण असते.

म्हणून काही गोष्टी घरात सर्वांना ठाऊक असाव्यात. स्त्रीची झडती स्त्रीनेच, तिची लाज राखून घ्यावी, असा कायदा आहे. रस्त्यावरच्या जमावाला तर तो अधिकार मुळीच नाही. स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. आईसोबत तुरुंगात राहणारे सहा वर्षांखालील मूल कैदी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये बजावले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने तुरुंग नियमावलींतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असेही बजावले. हे हक्क ज्यांना ठाऊक नाहीत, त्यांच्यापर्यंत ते पोहोचवणे हीदेखील साक्ष देणेच आहे.

दर वेळी घार परत येत नाही. ती येईपर्यंत निरपराधाच्या बाजूला उभे राहणारे कोणीतरी असावे लागते. अल्लाह आपणा सर्वांना तसे उभे राहण्याचे धैर्य देवो आणि माझ्या त्या दिवसाच्या मौनाला क्षमा करो. आमीन.